तीन सीव्ही आणि एकच पहिलं वाक्य: अर्ज आधी मशीन वाचणार असेल, तर तो लिहायचा कसा?

27 जुलै 2025 ला टीसीएसने जाहीर केलं की कंपनी सुमारे दोन टक्के, म्हणजे 12 हजारांच्या वर कर्मचारी कमी करणार. बरोबर महिन्याने, 27 ऑगस्टला गणपती आले. मी पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून पोफळीला घरी पोचलो. दरवर्षी गणपतीत माझ्याकडे लोक फोन आणि लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन येतात. या वर्षी सीव्ही घेऊन आले.

पहिला आतेभावाचा. आयटीआय इलेक्ट्रिशियन, जलविद्युत केंद्रात वर्षभर अप्रेंटिस. आत्या म्हणाली, "अरे, त्याच्या त्या कागदाचं काय ते बघ जरा. दहा ठिकाणी टाकलाय, एकाचा फोन नाही." दुसरा शेजारच्या मुलीचा, नुकतीच कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली. तिसरा माझ्या शाळेतल्या मित्राचा. पुण्यात आयटीत चांगली काही वर्षं काढलेला, नोकरी अजून आहे पण झोप उडालेली.

तिघांची कामं वेगळी, शिक्षण वेगळं, वय वेगळं. आणि तिन्ही सीव्हींचं पहिलं वाक्य जवळजवळ सारखं: 'रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल विथ अ स्ट्राँग पॅशन फॉर...' पुढे एकाचं 'इलेक्ट्रिकल सिस्टीम्स', दुसरीचं 'सॉफ्टवेअर', तिसऱ्याचं 'डिलिव्हरी एक्सलन्स'. तिघांनीही चॅटजीपीटीला सांगितलं होतं, "माझा सीव्ही चांगला करून दे." त्याने करून दिला. इंग्रजी स्वच्छ, चूक एक नाही. फक्त कोणता सीव्ही कोणाचा, हे नाव झाकलं तर सांगता आलं नसतं.

नोकरी शोधणाऱ्यांची सध्याची खरी अडचण मला इथे दिसते. म्हणून हा लेख.

नेमकं काय बदललंय?

दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत.

एक, अर्ज करणं फुकट आणि क्षणात होणारं काम झालं. लिंक्डइनवर मिनिटाला सरासरी 11 हजार अर्ज येतात आणि हे प्रमाण वर्षभरात 45 टक्क्यांहून जास्त वाढलं, अशी बातमी जून 2025 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिली होती. एआयला सांगितलं की जाहिरातीप्रमाणे सीव्ही बदलून मिळतो. काही टूल्स तर तुमच्या वतीने अर्जही भरून टाकतात.

दोन, इतके अर्ज वाचायला माणूस पुरत नाही. म्हणून समोरची बाजूही सॉफ्टवेअर वापरते. अर्ज साठवणाऱ्या आणि चाळणाऱ्या या सॉफ्टवेअरला 'एटीएस' म्हणतात, म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. वर्कडे, ओरॅकलचं टॅलिओ, सॅपचं सक्सेसफॅक्टर्स, आपल्याकडचं झोहो रिक्रूट ही त्यातली काही नावं.

म्हणजे एका टोकाला मशीन लिहितंय, दुसऱ्या टोकाला मशीन वाचतंय. मधल्यामध्ये माझ्या आतेभावाने वर्षभर जे काम केलं, ते कुठेच उरलं नाही.

मशीन सीव्ही वाचतं कसं?

हे समजून घेतलं की अर्धी भीती जाते. कामाचे साधारण तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा पार्सिंगचा. सॉफ्टवेअर तुमच्या फाइलमधला मजकूर बाहेर काढतं आणि नाव, फोन, शिक्षण, कंपनी, तारखा, कौशल्यं अशा खणांत भरतं. इथे एक तांत्रिक गोम आहे. पीडीएफ फाइल आपल्याला परिच्छेदांची दिसत असली, तरी आत साठवलेलं असतं ते 'हे अक्षर पानावर या ठिकाणी काढ' अशा सूचनांच्या रूपात. कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर वाचायची, हे फाइलमध्ये असेलच असं नाही. सॉफ्टवेअर ते अंदाजाने जुळवतं. सीव्ही दोन रकान्यांत असेल, तर डावीकडचं 'स्किल्स' आणि उजवीकडचं 'एक्स्पिरियन्स' एकाच ओळीत मिसळू शकतं.

शेजारच्या मुलीचा सीव्ही असाच होता. सुंदर टेम्प्लेट, डावीकडे निळी पट्टी, फोटो, पायथनला पाचपैकी चार तारे. मी तिला म्हटलं, सगळा मजकूर सिलेक्ट कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. बाहेर आलं ते असं: कॉलेजच्या नावात मध्येच 'टीमवर्क' घुसलेलं, पायथनचे तारे गायब आणि फोन नंबर कुठेच नाही. नंबर एका चित्राचा भाग होता. ती म्हणाली, "म्हणजे कुणाला फोन करायचा असता तरी..." पुढचं तिने बोलून दाखवलं नाही.

सीव्हीत देवनागरी मजकूर असेल तर हा घोटाळा वाढतो. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी मशीनला इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून दिसतं, कारण आत खरंच इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. युनिकोडमध्ये लिहिलं तरी पीडीएफमधून परत काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. म्हणून सरकारी किंवा मराठी संस्थेसाठी मराठीत सीव्ही द्यायचा असेल, तर युनिकोडच वापरा आणि शक्यतो वर्ड फाइलही सोबत ठेवा.

दुसरा टप्पा गाळणीचा. अर्ज भरताना विचारलेले साधे प्रश्न आठवा: अनुभव किती वर्षं, नोटीस पिरियड किती, सध्याचा पगार किती, पुण्यात यायला तयार आहात का. यातलं एखादं उत्तर जाहिरातीच्या अटीत बसलं नाही, तर अर्ज आपोआप बाजूला पडू शकतो. सीव्ही कितीही चांगला असो.

तिसरा टप्पा शोध आणि क्रमवारीचा. रिक्रूटर शब्द टाकून शोधतो, किंवा सॉफ्टवेअर जाहिरात आणि सीव्ही ताडून गुण देतं. पूर्वी हे फक्त शब्द जुळवणं होतं. आता एआय मॉडेल्स अर्थही जुळवतात, पण सगळीकडे तशी सोय आहे असं धरून चालू नका. 'पीएलसी' लिहायचं असेल तर एकदा पूर्ण नावही लिहा, 'प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर'. दोन्हीपैकी काहीही शोधलं तरी तुम्ही सापडाल.

'एटीएस 75 टक्के सीव्ही फेकून देतं', हे खरं का?

हा आकडा तुम्ही रील्समध्ये ऐकला असेल. त्याचा माग काढत गेलं की तो सीव्ही सुधारून देण्याची सेवा विकणाऱ्या, आता बंद पडलेल्या एका कंपनीपाशी पोचतो. त्यामागे कुठलाही प्रसिद्ध झालेला अभ्यास सापडत नाही. बहुतेक एटीएस तुमचा सीव्ही फेकत नाहीत. तो यादीत खाली राहतो आणि तिथवर कुणी पोचत नाही. परिणाम आपल्यासाठी तोच असला, तरी उपाय वेगळा आहे. 'मशीनला हरवायचं' अशी युक्ती शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा यादीत वर येणं आणि वर आल्यावर माणसाला पटणं, या दोन गोष्टींवर काम करायला हवं.

आपल्याकडे तर बऱ्याच वेळा उलटंच घडतं. 1997 मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर अर्जांची वाट बघत बसत नाहीत. ते उमेदवारांच्या डेटाबेसमध्ये स्वतः शोधतात. कौशल्य, अनुभव, गाव, नोटीस पिरियड अशी चाळण लावतात आणि अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी बघतात. म्हणून तिथला प्रोफाइल अर्धवट ठेवून नुसती पीडीएफ चढवली, तर तुम्ही त्यांच्या शोधात येतच नाही.

पोफळीतल्या मुलांसाठी यात एक खास खाच आहे. आतेभावाच्या प्रोफाइलमध्ये सध्याचं ठिकाण रत्नागिरी आणि पसंतीचं ठिकाणही रत्नागिरी. तो अर्ज करत होता चाकण आणि तळोजाला. पुणे किंवा नवी मुंबईची चाळण लावणाऱ्याला तो दिसणारच नव्हता. आम्ही पसंतीच्या ठिकाणांत पुणे आणि नवी मुंबई टाकली आणि सीव्हीच्या वरच्या ओळीत लिहिलं: 'पुणे किंवा नवी मुंबई येथे 15 दिवसांत रुजू होण्यास तयार'. दोन मिनिटांचं काम, पण गावात राहणाऱ्याला हे सांगणारं कुणी नसतं.

आपला सीव्ही असा का दिसतो?

आतेभावाच्या सीव्हीच्या शेवटी होतं: 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. ठिकाण: पोफळी. दिनांक:' आणि सहीसाठी रेघ. त्याच्या वर वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती.

हे कुठून आलं ते पोफळीत कुणालाही कळेल. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने खाली आणून इथल्या भूमिगत वीजगृहात सोडायला साठच्या दशकात सुरुवात झाली. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता 1960 मेगावॉट आहे. आमच्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांपुढे नोकरी म्हणजे प्रकल्प, वीज मंडळ, सरकारी खातं. 1959 च्या कायद्याने रिक्त जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं होतं. तिथे नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं, कॉल आला की ठरावीक नमुन्यात अर्ज भरायचा. ज्यांची जमीन गेली त्यांनी प्रकल्पग्रस्त दाखला जोडायचा. त्या अर्जात जात लागायची, जन्मतारीख लागायची, कारण आरक्षण आणि वयोमर्यादा तपासायची असायची. 'तुम्ही काय करून दाखवलंत' असा रकानाच त्यात नव्हता.

तो अर्ज आपल्या हातात इतका बसलाय की खासगी नोकरीच्या सीव्हीतही आपण तोच भरतो. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा सीव्ही यांत फरक इतकाच की एकात रास असते.

आयटीवाल्यांची तऱ्हा वेगळी, पण मूळ तसंच. मित्राचा सीव्ही पाच पानी. 'प्रोजेक्ट 1, क्लायंट, टीम साइज, रोल्स अँड रिस्पॉन्सिबिलिटीज', मग प्रोजेक्ट 2, प्रोजेक्ट 3. हा साचा सर्व्हिस कंपन्यांचा आहे. परदेशी क्लायंटला 'आमच्याकडे असा माणूस आहे, तासाला इतके डॉलर' हे सांगण्यासाठी तो बनला. त्यात तुम्ही कोणत्या प्रोजेक्टवर होतात ते दिसतं. तुम्ही नसता तर काय बिघडलं असतं, ते दिसत नाही. आणि नवी कंपनी नेमकं तेच शोधत असते.

तीन सीव्ही पुन्हा लिहिताना

आम्ही माजघरात बसून काम केलं. पद्धत सोपी ठेवली: आधी सीव्ही बंद करायचा, मग मी प्रश्न विचारणार आणि समोरच्याने बोलीभाषेत उत्तर द्यायचं.

आतेभावाला विचारलं, "सकाळी ड्यूटीवर गेलास की पहिलं काय करायचास?" तो म्हणाला, "काही नाही दादा, लॉगशीट लिहायचो." काय लिहायचास? "दर तासाला बेअरिंगचं तापमान, व्होल्टेज, लोड." कधी काही वेगळं दिसलं? तर म्हणाला, एकदा एका मोटरचं तापमान रोजच्यापेक्षा चढत होतं, मी साहेबांना दाखवलं, त्यांनी मोटर बंद करून बघितली. आणखी काय? वार्षिक दुरुस्तीच्या वेळी मोटारींचं इन्सुलेशन मेगरने तपासायला असायचा. परमिट घेतल्याशिवाय आणि लाइन अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं.

हे ऐकून मीच गप्प झालो. लोटे-परशुरामच्या केमिकल कंपनीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन घेणाऱ्याला याशिवाय दुसरं काय हवं असतं? आणि हा सीव्हीत लिहितो 'हार्डवर्किंग टीम प्लेयर'.

नवा मजकूर असा झाला. सीव्हीत तो इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो:

'इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस, जलविद्युत केंद्र, 12 महिने. जनरेटर व सहायक मोटारींच्या तापमान, व्होल्टेज, लोड यांच्या तासागणिक नोंदी. नोंदींतून एका मोटरची तापमानवाढ वेळीच लक्षात आणून दिली. वार्षिक दुरुस्तीत मेगरने इन्सुलेशन चाचणी. परमिट-टू-वर्क आणि अर्थिंगची पद्धत पाळून काम.'

खाली आयटीआयचा ट्रेड, एनसीव्हीटीचं अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, सुरुवात-शेवट महिन्यासकट. महिना का? कारण नुसतं '2023–2024' लिहिलं तर तो अनुभव दोन महिन्यांचा की दोन वर्षांचा, हे सॉफ्टवेअरला मोजता येत नाही. सगळं एका पानात बसलं.

हीच गोष्ट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांना लागू आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बारावी झालेल्यांना 6 हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये महिना विद्यावेतन होतं. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती 11 महिने झाली. बरीच मुलं हा काळ सीव्हीत लिहीतच नाहीत, 'ती काय खरी नोकरी होती?' म्हणून. काही जण उलट 'सरकारी कर्मचारी' असं लिहितात. दोन्ही चूक. 'प्रशिक्षणार्थी' असंच लिहा आणि काय केलंत ते सांगा. पंचायत समितीत बसून जुन्या नोंदी संगणकावर चढवल्या असतील, तर किती गावांच्या, कशात आणि चुका कशा तपासल्या, हे तुमचं काम आहे.

शेजारच्या मुलीच्या सीव्हीत दोन प्रोजेक्ट होते, दोन्ही अर्ध्या महाराष्ट्रातल्या फायनल इयरला असतात तसे: एक अटेंडन्स सिस्टीम, एक चॅटबॉट. मी विचारलं, कॉलेजने न सांगता काही बनवलंस का? बराच वेळ 'नाही' म्हणाली. मग सांगितलं, की चिपळूणहून पोफळीकडे येणाऱ्या एसटीच्या वेळा तिने एका वेबपेजवर टाकल्यात. गाडी रद्द झाली किंवा वेळ बदलली की ती बदल करते आणि लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. "पण दादा, ते काय प्रोजेक्ट आहे का?"

आहे. उलट तोच खरा आहे. कोणी तरी रोज वापरतं, डेटा बदलतो, चुकलं तर स्टँडवर उभी असलेली बाई फोन करून ओरडते. आम्ही तो सगळ्यात वर घेतला, लिंक दिली, कोड गिटहबवर टाकला. अटेंडन्स सिस्टीम एका ओळीत खाली गेली.

मित्राच्या पाच पानांची दोन झाली. प्रत्येक प्रोजेक्टला एकच प्रश्न लावला: तू आलास तेव्हा काय स्थिती होती आणि गेलास तेव्हा काय होती? त्यातून 'रात्री चालणारा बॅच जॉब सकाळी ऑफिस उघडेपर्यंत संपत नसे, क्वेरी बदलून तो पहाटेआधी संपवला' असं वाक्य निघालं. गोपनीयतेच्या करारामुळे क्लायंटचं नाव देता येत नव्हतं, म्हणून 'युरोपातली मोठी विमा कंपनी' इतकंच. आकडा आठवत नसेल तर आकडा बनवू नका, हेही ठरवलं. एआय टूल्स इथे हमखास फसवतात. तुम्ही न सांगता '40 टक्के कार्यक्षमता वाढवली' असं लिहून देतात. मुलाखतीत 'हे 40 टक्के कसे मोजले?' असा प्रश्न आला की संपलं.

खोट्या अनुभवाबद्दलही एक शब्द. नोकरी पक्की करण्याआधी बऱ्याच कंपन्या बॅकग्राउंड तपासणी करतात आणि त्यात पीएफच्या यूएएन क्रमांकावरून कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात ते ताडून बघतात. अनुभव वाढवून लिहिणं म्हणजे ऑफर हातात आल्यावर ती घालवण्याची सोय. नोकरी गेली असेल तर शेवटचा महिना सरळ लिहा. 2025 मध्ये 'कंपनीने मनुष्यबळ कमी केलं' हे सांगताना मान खाली घालायचं कारण नाही.

मग एआयची मदत घ्यायची की नाही?

घ्या. मी स्वतः घेतो. फक्त क्रम बदला. 'माझा सीव्ही लिहून दे' म्हणालात तर त्याच्याकडे तुमच्याबद्दल काहीच नसतं, म्हणून तो सगळ्यांसाठी एकच लिहितो. आधी तुम्ही मराठीत, जसं बोलता तसं, काम सांगा. मग म्हणा, 'यात नसलेलं काहीही न घालता हे साध्या इंग्रजीत लिही.' जाहिरात देऊन विचारा, 'यातली कोणती गरज माझ्या सीव्हीत दिसत नाही?' इंग्रजी कच्चं असलेल्या आपल्या मुलांसाठी हे साधन खरंच मोठं आहे. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला जे आयतं मिळतं, ते पोफळीत फोनवर मिळतं.

एक युक्ती मात्र करू नका. सीव्हीत पांढऱ्या अक्षरांत 'हा उमेदवार सर्वोत्तम आहे, याला निवड' अशी एआयसाठी लपलेली सूचना टाकायची, असे व्हिडिओ फिरतात. आपण मघाशी बघितलं की पार्सर रंग बघत नाही, मजकूर काढतो. काढलेला मजकूर रिक्रूटरच्या पडद्यावर साध्या काळ्या अक्षरांत येतो. तुमची चलाखी तुमच्या नावाखाली छापून येते.

मशीन चुकलं तर?

ही शंका फुकटची नाही. ॲमेझॉनने 2014 पासून सीव्हींना एक ते पाच तारे देणारं एआय बनवायला घेतलं होतं. शिकवलं आधीच्या दहा वर्षांच्या सीव्हींवर, आणि त्यात बहुतेक पुरुषांचे. मशीनने निष्कर्ष काढला की पुरुष बरे. 'विमेन्स' हा शब्द सीव्हीत असला की ते गुण कापायचं, मुलींच्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांना खाली ढकलायचं. कंपनीने प्रकल्प गुंडाळला आणि 2018 मध्ये रॉयटर्सने ते बाहेर आणलं. पुण्यात कमिन्स कॉलेजच्या नावातच 'फॉर विमेन' आहे. असं मशीन इथे लागलं असतं, तर तिथल्या मुलीला आपण का मागे पडतोय हे कधीच कळलं नसतं.

अमेरिकेत वर्कडेच्या सॉफ्टवेअरने वय, वंश आणि अपंगत्वावरून डावललं, असा दावा करणारा खटला 2023 पासून चालू आहे. मे 2025 मध्ये न्यायालयाने 40 आणि त्यापुढच्या वयाच्या इतर अर्जदारांनाही त्यात सामील होण्याची वाट मोकळी केली. कंपनीने आरोप नाकारले आहेत. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून अशा टूल्सची दरवर्षी भेदभाव-तपासणी बंधनकारक आहे. युरोपच्या 2024 च्या एआय कायद्याने भरतीतला एआय 'जास्त जोखमीच्या' गटात टाकलाय. आपल्याकडे भरतीतल्या एआयसाठी असा वेगळा कायदा नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमची माहिती कोण, कशासाठी वापरतंय हे विचारण्याचा, ती दुरुस्त किंवा काढून टाकायला लावण्याचा हक्क त्यातून मिळतो. पण 'मला का नाकारलं' याचं उत्तर द्यायला तो कायदा कुणाला भाग पाडत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. आधार क्रमांक, पॅन, जात, धर्म, पूर्ण पत्ता, जन्मतारीख सीव्हीत टाकू नका. खासगी नोकरीच्या पहिल्या टप्प्यात यातलं काहीच लागत नाही आणि हा कागद किती हातांत फिरतो ते तुम्हाला दिसत नाही. सरकारी भरतीत मात्र जाहिरातीत मागितलंय ते सगळं, मागितलंय त्या नमुन्यात द्या. सीव्ही बघून फोन आला आणि 'रजिस्ट्रेशनचे', 'लॅपटॉपचे' पैसे मागितले, तर फोन ठेवा.

पाठवण्याआधी पाच मिनिटं

मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचा. एकच रकाना, साधा फॉन्ट, नंबर आणि ईमेल मजकुरात. प्रत्येक तारखेला महिना. जाहिरातीतल्या ज्या गोष्टी तुम्हाला खरंच येतात, त्या त्याच शब्दांत. फाइलला 'फायनल-2' ऐवजी तुमचं नाव आणि पद.

आणि शेवटी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हेच वाक्य शेजाऱ्याच्या सीव्हीत चाललं असतं का? चाललं असतं तर खोडा.

दिवाळीच्या आधी आतेभावाला एका कंपनीतून मुलाखतीचा फोन आला. घेणाऱ्या साहेबांनी सीव्हीतल्या मेगरच्या ओळीवर पेन ठेवलं आणि त्यावरच बोलत राहिले: किती व्होल्टचा वापरलास, रीडिंग किती यायला हवं, कमी आलं तर काय करशील? त्या नोकरीचं अजून काही ठरलेलं नाही. पण घरी आल्यावर तो आत्याला म्हणाला, "त्यांनी माझ्या कामाचं विचारलं." आधीच्या सीव्हीत विचारण्यासारखं काही नव्हतं.